बिनसाखरेचा चहा

४ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

काल तुझ्याकडे आलो तो नुसता भाऊ म्हणून नव्हे, विमा कंपनीचा तपासनीस म्हणूनही, हे सांगायचं राहिलंच. म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्याचे पैसे सरकार आमच्या कंपनीला देतं. माणूस कागदावर जितका आजारी, तितके जास्त. म्हणून आम्ही घरोघर आजार शोधत हिंडतो. तुझ्यात काही सापडेना. मग चहात साखर घालायला तू विसरलीस आणि मी ‘स्मृतिभ्रंश’ लिहून मोकळा झालो. त्यानं तुझं काहीच बिघडत नाही.

रागावून झालं की लोभ असू दे.

धाकटा

९ जून

चि. धाकट्यास, अ. आ.

गाढवा, साखर मुद्दाम घातली नव्हती. पोट बघ तुझं. जन्मभर नाटकाच्या विंगेत बसून विसराळू नटांना वाक्यं पुरवली, आणि स्मृतिभ्रंश मला? शेजारीण हसून हसून बेजार झाली. तुझी बढती होत असेल तर आणखी दोन रोग लाव बापडा.

रागावले नाही. जीव आहे तुझ्यावर, तो कुठे जातोय?

ताई

२ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. आ.

पडून मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं. आता पुनर्वसन केंद्रात ठेवलंय, इथे रोज चालायला शिकवतात. काल दांडीला धरून खिडकीपर्यंत गेले. पण तुझी कंपनी म्हणते, स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला व्यायाम लक्षात राहत नाहीत, तेव्हा खर्च मंजूर नाही, घरी न्या. डॉक्टर म्हणतात, आत्ता चालले नाही तर कायमची बसेन. मला फार भीती वाटते रे. ती नोंद खोटी आहे, एवढंच तू त्यांना सांग.

तुझ्या भरवशावर आहे.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

साहेबांना भेटलो. तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, असंही म्हणालो. ते म्हणाले, आपल्याला आजार नाही असं पेशंटला वाटणं हे त्याच आजाराचं लक्षण. मी लेखी दिलं तर माझ्या सगळ्याच नोंदी उकरतील आणि नोकरी जाईल. बढती कालच मिळालीये गं, समजून घे. घरी खाटेवर पडल्या पडल्या पाय हलवत राहा. चाकाची खुर्ची पाठवतोय, चांगली गादीवाली.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.

धाकटा

६ नोव्हेंबर

श्री. तपासनीस यांस, स. न. वि. वि.

खुर्ची पोचली. पाय आता उठत नाहीत, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. काल तुमच्या कंपनीची एक नवी मुलगी तपासणीला आली होती. गोड होती पोर. तिनं विचारलं, जवळचं कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. तिच्याकडे भावाचं नाव होतं, ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. आजार वाढलाय, असं तिनं लगेच लिहून घेतलं.

तेव्हा तुमची नोंद आता खरी आहे, निर्धास्त असा. आपली ओळख नाही, त्यामुळे लोभाचं काही लिहीत नाही.

पेशंट