दाबलेल्या कागदाचा आकडा

प्रिय वैशू,

तुला जाऊन चार महिने झाले. रडून झालं, तुझ्या तेरवीला येऊन झालं. मग आज पत्र कशाला? कारण काल रिसालीला तुझ्या घरी गेले होते. तुझ्या आईनं, काकूंनी, तुझी प्रयोगाची वही माझ्या हातात दिली. "मले यातलं काय समजते? तूच ने, बेटा."

घरी येऊन उघडली. वैशू, असं कसं केलंस गं?

आपली वाटणी आठवते? हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या इलेक्ट्रोडमधला तो कार्बनचा सच्छिद्र कागद. त्यातून हवा किती सहज जाते, हे तू प्रयोगशाळेत मोजायचीस. तो आकडा घेऊन आतला सगळा प्रवाह मी कॉम्प्युटरवर मांडायची. सेल बोल्टांनी आवळला की कागद दबतो, छिद्रं आकसतात. म्हणून आकडा दाबलेल्या कागदाचाच हवा, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तू आकडा दिलास. मी घेतला. एकदाही तुझ्या शेजारी उभी राहून पाहिलं नाही, एवढी चूक माझी.

माझं गणित म्हणायचं, हवा आरामात जाते. खरा सेल आत तयार होणाऱ्या पाण्यानं तुंबायचा. दोन वर्षं प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला मी! किती वेळा विचारलं, "वैशू, दाबूनच मोजलं ना?"

"हो ना बाप्पा! तुयाच प्रोग्रामात गडबड हाय. माया आकड्याच्या मांग कावून लागून राहिली?"

शेवटी आपल्या गाइड सरांसमोर मीच म्हणाले, मला जमत नाही. पीएचडी सोडली. त्या दिवशी बाबा स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आले, ऐकलं, आणि न जेवताच आडवे झाले. आता हुडको कॉलनीत बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. तुला डॉक्टरेट मिळाली तेव्हा पेढे मीच वाटले होते ना!

वहीत पहिला आकडा, जो तू मला दिलास, तो न दाबलेल्या कागदाचा आहे. आणि मी सोडायच्या कितीतरी आधी तू दाबूनही मोजलं होतंस! आकडा निम्म्याहून कमी. खाली तुझंच अक्षर: "सुनीले सांगाव लागन. पण पेपर छापून गेला."

आज सकाळी तो आकडा जुन्या प्रोग्रामात घातला. खऱ्या सेलशी जुळला, वैशू. पहिल्याच फटक्यात.

तुझ्या त्या शेवटच्या, डेंग्यूच्या तापात मी तुझ्या उशाशी बसले होते. माझा हात धरून म्हणालीस, "सुने, तू बहुत हुशार हायेस." बस, एवढंच? तेव्हाही तोंड उघडलं नाही तुझं?

सोमवारी सरांकडे जाणार आहे. दोन्ही आकडे मांडीन. चुकीचा कुणी दिला आणि खरा कुणी मोजला, दोन्हीकडे तुझंच नाव असेल. त्याआधी काकूंना मी स्वतः सांगेन, दुसऱ्या कुणाकडून कळू देणार नाही. पण तुला वाचवायला खोटं बोलणार नाही. हा शब्द देते.

खाली 'तुझी' लिहायला आज हात धजत नाही.

सुनीता