न सापडलेली रेघ

सान पेद्रो दे अताकामा

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवतेय. बाबांचा खोकला कसा आहे? होडी रंगवून झाली का?

आमच्या दुर्बिणी अंतराळातल्या वायू-धुळीच्या एका ढगाकडे लागल्या होत्या. तिथे प्रचंड तारे जन्मतात आणि त्यांच्या उबेने धुळीवरच्या बर्फातले रेणू मोकळे होतात. त्यात साखरेच्या जातीचा नवा रेणू सापडला, असं आमचे प्रमुख, प्रोफेसर लिसांद्रो, जाहीर करणार होते. रेणू ओळखायचा तो त्याच्या लहरी आलेखावर ज्या ठरावीक रेघा उमटवतात त्यांवरून. सगळ्या रेघा होत्या, फक्त सर्वांत ठळक असायला हवी तीच नव्हती. मी बैठकीत तसं सांगितलं.

"अर्धं आयुष्य घालवलंय मी यात! तू काल आलीस!" ते कडाडले.

"पण रेघच नाही, सर."

मग त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. माझ्या इथल्या नोकरीची मुदतवाढ त्यांच्याच हातात आहे. बाबांना यातलं काही सांगू नकोस. माझी झोप उडाली होती.

आज त्यांनी स्वतः तपासून घोषणा रद्द केली. जेवताना माझ्यासमोर येऊन बसले. डोळे लाल होते.

"पाव दे इकडे," म्हणाले. मग पाव मोडत, "पुढच्या ढगाच्या रेघा तूच बघ. मला जे हवं असतं तेच दिसायला लागलंय."

तुम्हा दोघांना घट्ट मिठी.

तुझी,
रायेन