जगदेवीचा अभ्रक आणि माझी इस्त्री

सोलापूर,
ता. ११ मार्च १९७४

चि. सिद्धलिंगप्पा यास अक्काचे आशीर्वाद.

सावित्रम्माची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकून काम करणं सोड (तू स्वतः उठून पाणी घेतलंस तरी ती निम्मी बरी होईल). मी ठणठणीत आहे. तुझी लेक जगदेवीही ठणठणीत आहे, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तू नातेपुत्याहून तडक एस.टी. धरशील.

गेल्या मंगळवारी माझी इस्त्री बंद पडली. नन्सच्या शाळेत अकरा वर्षं काढलेली बाई चुरगळलेल्या पातळात दारातसुद्धा उभी राहत नाही, आणि संध्याकाळी तर माझ्या जुन्या शाळेत समारंभ होता. सात रस्त्यावरच्या निंगप्पानं इस्त्री उघडून सांगितलं की आतला वीज अडवणारा अभ्रक फुटलाय, नवा उद्या येईल. मला आठवलं, जगदेवीच्या टेबलावर एका डबीत अभ्रकाचे चार पापुद्रे आहेत. नखाएवढेच, पण ठिगळाला पुरले असते. घरी येऊन डबी उचलली आणि त्याला नेऊन दिली. (डबीवर नुसती अक्षरं नि आकडे. एम.एस्सी. झालेल्या मुलीला 'हात लावू नये' एवढं लिहिता येत नाही?)

मुलगी कॉलेजातून आली, टेबल बघितलं आणि जमिनीवर बसली. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. मग हळूहळू कळलं की तो अभ्रक नव्हता. बिस्मथ आणि टायटॅनियमचे स्फटिक होते, भट्टीत वितळवून सावकाश निववलेले, आणि सात महिन्यांत धड निघाले ते हे चारच. दुसऱ्या दिवशी ते घेऊन तिला पुण्याला मोजणीला जायचं होतं. मोजणी हुकली तर मे महिन्यात अकलूजच्या स्थळाशी लग्न, ही तुझी अट.

निंगप्पाकडे धावताना टांग्यात तिनं मला सगळं समजावलं, बहुधा रडू येऊ नये म्हणून. त्या स्फटिकात थरावर थर असतात आणि आतले विद्युतभार एका बाजूला कललेले असतात. विजेचा उलटा दाब दिला की ते दुसरीकडे कलतात, आणि दाब काढून घेतला तरी तसेच राहतात. थरांच्या आरपार कल थोडा, पटकन उलटणारा. थरांच्या अंगानं मोठा, पण उलटायला फार जोर लागतो. मी म्हटलं, पहिला तुझा बाप, दुसरी मी. ती हसली नाही. इस्त्रीच्या उष्णतेनं त्यांचं काही जात नाही म्हणाली, पण बोल्ट आवळला की चुरा.

निंगप्पाच्या फळीवर माझी इस्त्री बोल्ट आवळून तयार होती. जगदेवीनं माझं मनगट धरलं (अजून दुखतंय).

निंगप्पा म्हणाला, "बाई, तुमचा अभ्रक मी घातला न्हाय. नखानं सोलून बघितला, सुटंना. वर दोनी अंगाला चांदीचा रंग, त्यातनं वीज धावती. आत घातला असता तर इस्त्रीला हात लावताच तुमी गेला असता की."

एका मोडक्या इस्त्रीतला अभ्रक काढून त्यानं माझं काम भागवलं होतं. त्यानं काडेपेटीत जपून ठेवलेले चारही पापुद्रे निघाले. पोरीनं ते दोनदा मोजले आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडली. मी चुरगळलेल्या पातळात भर सात रस्त्यावर तिच्या शेजारी बसले, आणि कोण बघतंय ते बघितलंसुद्धा नाही.

आज पुण्याहून तार आली. चारही उलटतात.

तुझी अक्का

ता. क. समारंभाला गेले नाही. इस्त्री उत्तम चालते.

आणखी एक ता. क. मे महिन्याची अट तुझी नव्हे. दिवाळीत मीच ती तुझ्या डोक्यात भरली आणि तू लगेच कललास. आता उलटा कल आणि अकलूजकरांना नाही म्हणून कळव. मला उलटायला फार जोर लागला. आता मुलगी पुण्यात आहे, घरात रडणारं कोणी नाही, तरी मी उलटलेलीच आहे. उत्तराला पोस्टकार्ड पुरे. 'बरं' एवढंच लिही.