साखळीतला शेवटचा बिल्ड

सोमवार, ४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचले! पेसमेकरचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. खिडकीजवळचं टेबल, करकरणारी खुर्ची. टीमचा प्रमुख माझा आतेभाऊच, त्यामुळे दादा म्हणू की सर, यातच सकाळ गेली. त्याने काम समजावलं. मी बदल केला की प्रोग्राम नव्याने जोडून तपासला जातो, तो बिल्ड. माझा पास झाला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे बिल्ड आपोआप सुरू होतात, एकामागून एक. शेवटचा चाचणीच्या यंत्रावर चढतो. बाबांना सांगितलं तर लहान मुलासारखे खूश झाले. त्यांना पेसमेकर दादानेच मिळवून दिला. घरचा माणूस असावा तर असा.

गुरुवार, ७ मार्च
पहिला बिल्ड पास! पडद्यावर हिरवे ठिपके उमटत गेले, शेजारच्या टेस्टरताईंनी पाठ थोपटली. घरी आले तर बाबा पलंगावर. दुपारी चक्कर येऊन पडले म्हणे. उन्हामुळे असेल.

मंगळवार, १२ मार्च
पुन्हा बिल्ड, पुन्हा चक्कर. शेवटचा ठिपका हिरवा होतोय तोच आईचा फोन. मन खाऊ लागलं. टेस्टरताईंना विचारलं, ते चाचणीयंत्र असतं कुठे? त्यांनी नजर चुकवली. म्हणाल्या, ते केव्हाच बंद पडलंय गं, तू दादालाच विचार.

बुधवार, १३ मार्च
शेवटच्या बिल्डची सेटिंग उघडली. यंत्राचा क्रमांक – बाबांच्या पेसमेकरचा.
दादाला जाब विचारला. म्हणाला, मामांना सगळं ठाऊक आहे, तुझ्या नोकरीसाठीच तर त्यांनी स्वतःवर चाचणी करायला होकार दिला. घरी बाबांनी मान खाली घातली.
दोघांनी मिळून – मला न सांगता. आणि हात माझा वापरला.

गुरुवार, १४ मार्च
सकाळी शेवटच्या बिल्डची बाबांच्या पेसमेकरशी असलेली जोडणी तोडून टाकली. राजीनामा दिला. दादा नुसता हसला.

शुक्रवार, १५ मार्च
टेस्टरताईंचा फोन. जोडणी पुन्हा लावलीय. आता कुणाचाही बिल्ड पास झाला तरी –
बाबांच्या उशाशी पेसमेकरला अपडेट पाठवणारी पेटी. तिचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे अपडेट चालू. प्लगला हात घातला. दादाला फोन लावला तर ओरडला, अपडेट अर्धवट तोडलंस तर ठोके थांबतील.
खरं सांगतोय? दादा? आता?
बाबांनी माझा हात घट्ट धरलाय. म्हणतात, माझं चुकलं गं –
दिवा अजून लुकलुकतोय. काढू? नको? आई रडतेय – त्यांची पकड सैल – बाबा, इकडे बघा, बा