देवदूतांच्या डोक्यामागचा उजेड

३ मार्च

छे! देवदूत असे भांडतात? पंखातलं पीस उपटायचं आणि सुरीसारखं एकमेकांच्या नरड्यात खुपसायचं! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी देवदूतांच्या नऊ श्रेणी छडीच्या धाकाने पाठ करून घेतल्या, त्या काय यासाठी? या दिग्दर्शक महाशयांनी सहा पंखांचा वरिष्ठ देवदूत दोन पंखांच्या शिपायाच्या हाताखाली दिला आहे. याचं मुद्रित माझ्याकडे आलं असतं तर अख्खं पान लाल केलं असतं. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्याशिवाय दुसरं काय केलं?

ताईला मात्र बेहद्द आवडलं. तिचा डावा डोळा बारा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनात गेला. उजव्यात आता मोतीबिंदू. उजेड-सावलीपलीकडे काही दिसत नाही. म्हणून सिनेमा मी सांगायचा, तिने ऐकायचा. पाच भाग आहेत म्हणे. दुपारचा चहा, एका स्टुलावर दोघींचे चार पाय, आणि स्वर्गात मारामारी. खोटं कशाला बोलू — मजेत गेली दुपार.

६ मार्च

दुसरा भाग. देवाला माणूस जास्त लाडका, म्हणून निम्मे देवदूत फुरंगटले. युद्धाचं कारण एवढंच! आता ते इस्पितळात झोपलेल्या रोग्यांच्या अंगात शिरतात. त्यांना अडवणार कोण, तर पोस्टातली एक बाई. अंगावर काटा आला, हे फक्त इथे कबूल करते.

एक गोष्ट जमली आहे — प्रत्येक देवदूताच्या डोक्यामागे उजेडाचं कडं. मऊ, कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग. ताईला रंगवून सांगितलं. म्हणाली, "चिमे, तू सांगतेस तसं डोळ्यांनीसुद्धा दिसायचं नाही."

९ मार्च

तिसरा भाग. चित्र धुरकट येतं म्हणून टीव्हीवाल्याला बोलावलं. "आजी, टीव्ही ठणठणीत आहे." आजी! कुणाची रे आजी? वर्तमानपत्रवाल्यांनीही शाईत पाणी घालायला सुरुवात केली आहे. सगळीकडे नुसता कामचुकारपणा.

१२ मार्च

ताईला डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू फार पिकला आहे, आणखी थांबलात तर अवघड होईल, असं म्हणाले. ताईचा एकच हेका — "एक गेला तो पुरे."

घरी आल्यावर म्हणते, "मला कशाला हवेत डोळे? तू आहेस की!"

म्हणजे दोष माझाच. इतकं रंगवून सांगायला कुणी सांगितलं होतं? आणि मी काय अमरपट्टा घेऊन आले आहे?

१५ मार्च

चौथा भाग. पोस्टातली बाई इस्पितळाच्या दारापर्यंत पोचली, सहा पंखवाल्याने पीस उगारलं — आणि मी गप्प बसले.

"पुढे?"

"पुढचं स्वतःच्या डोळ्याने बघ."

"चिमे, सांग मुकाट्याने."

"आधी ऑपरेशन."

"मेली दुष्ट!"

मी टीव्ही बंद केला.

१६ मार्च

ताई बोलत नाही. चहात साखर विसरले, तरी तिने कुरकुर न करता प्यायला. म्हणजे राग मोठा आहे.

१८ मार्च

आज तिने स्वतःच टीव्ही लावला. पाच मिनिटं नुसते हुंकार आणि आपटाआपट. मग बंद केला. "लाव फोन त्या डॉक्टरला." मी नंबर फिरवेपर्यंत तिने माझा पदर सोडला नाही.

हाही डोळा गेला तर? एका भुताटकीच्या सिनेमाच्या शेवटासाठी मी तिला सुरीखाली ढकललं. कोणत्या तोंडाने सांगू तिला की माझीही पाचावर धारण बसली आहे?

२४ मार्च

काल ताईचं ऑपरेशन झालं, आज पट्टी निघाली. पहिलं वाक्य — "चिमे, केवढी म्हातारी दिसतेस गं!"

दिसतेस म्हणाली! बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले.

२७ मार्च

दोघींनी मिळून चौथा भाग पुरा केला. मध्येच ताई म्हणाली, "ते कडं कुठे आहे?"

"हे काय, डोक्यामागे."

"काही नाही तिथे. भुंडी डोकी आहेत, मागे नुसता दिवा लावला आहे." मग छताच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "त्याला आहे का कडं?"

"दिव्याला कडं असतंच की! सगळ्याच दिव्यांना असतं."

ताईने टीव्ही बंद केला. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी नाही, तू."

२८ मार्च

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! डॉक्टर विचारतात, इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? ज्या बाईच्या नजरेतून कधी काना-मात्रा सुटली नाही, तिला हा प्रश्न! टीव्हीवाल्याची माफी मागायला हवी. मागितली — मनातल्या मनात.

ताई हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. हसू दे. घर भरल्यासारखं वाटतं. पहिल्या डोळ्याची तारीख ३ एप्रिल.

४ एप्रिल

चिमीच्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून आज मी, ताई, लिहिते आहे. ऑपरेशन छान झालं. "एवढंच लिही आणि वही मिटून ठेव, मागची पानं वाचायची नाहीत," अशी तिने शपथ घातली. घेतली शपथ. वाचून कालच झाली होती सगळी — माझ्या एका डोळ्याने, एका दमात.