कायदा लागू होण्याआधी

प्रिय डेलिया,

'प्रिय' हा शब्द तुझ्या आईनं डोक्याशी उभं राहून लिहून घेतलाय. तेवढ्यावरून मी नरमलोय असं समजू नकोस. तिचं म्हणणं, पाच महिन्यांनी मुलीला पत्र लिहितोयस तर निदान सुरुवात तरी माणसासारखी कर. केली. आता मुद्द्याचं बोलतो. येत्या मंगळवारी राजधानीत, सेलमला, तुझ्या बंदूक परवान्याच्या विधेयकावर सुनावणी आहे, आणि विरोधात बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. बंदूक विक्रेत्यांच्या संघटनेचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. आमदारबाईंचा सख्खा बाप, तोही चाळीस वर्षं बंदुका विकणारा, लेकीच्याच विधेयकाविरुद्ध उभा राहणार, या नुसत्या कल्पनेनं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी हो म्हटलं. तुझ्या कचेरीकडून नाही, माझ्याकडून कळावं म्हणून कळवतोय. आणखीही कळवायचं आहे, पण ते क्रमानं येऊ दे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापायच्या आधीच तू जाहीर केलंस की यापुढे या राज्यात बंदूक घ्यायची तर आधी वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची आणि मग पोलिसांकडून परवाना आणायचा. मी सुरी खाली ठेवली. त्या दिवशी मी जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. ज्या दुकानाच्या जिवावर तू शिकलीस त्याच दुकानावर उलटलीस, हे मला तेव्हा झोंबलं आणि आजही झोंबतंय. तू म्हणालीस, 'बाबा, तुमच्या दुकानाशी माझं भांडण नाही.' नसेल. तुझ्या खोऱ्यातल्या मतदारांच्या दारात चार मिनिटांत पोलीस येतो. इथे डोंगराच्या अलीकडे शेरीफचा माणूस यायला पन्नास मिनिटं लागतात, आणि बर्फ पडलं असेल तर तो येतच नाही. हे तुला मी सांगायला नको, तू इथेच वाढलीस. म्हणून तर जास्त राग येतो.

जानेवारीत तू टीव्हीवर आलीस. निळा कोट, केस मागे बांधलेले, अगदी तुझ्या आईसारखी दिसत होतीस. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी दुकान उघडायला गेलो तर रांग लूथरन चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलेली. एल्कच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा कधी अशी झुंबड पाहिली नव्हती. मागच्या सहा वर्षांत गेली नसतील इतकी पिस्तुलं तीन महिन्यांत गेली. पेट्रोलपंपावाल्या ग्लेननं पेपरातला तुझा फोटो कापून आणला, त्याखाली जाड अक्षरात 'महिन्याची सर्वोत्तम विक्रेती' असं लिहिलं, आणि मी तो गल्ल्यामागच्या भिंतीवर डकवला. हो, मीच डकवला. तुझी आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि घेणारे कोण होते ऐक. दातांच्या दवाखान्यातली ती घाबरट पोरगी, जी सुई टोचताना स्वतःच डोळे मिटून घेते. पाद्रीबाबांची मेव्हणी. पोर्टलंडहून इथे शेळ्या पाळायला आलेलं ते शाकाहारी जोडपं. एका बहाद्दरानं तीन घेतली आणि जाता जाता गोळ्या कुठून घालायच्या ते विचारलं. यातल्या एकालाही डिसेंबरात बंदूक नको होती. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, 'पुढच्या वर्षी मिळाली नाही तर?' संपत आलेल्या साखरेवर लोक तुटून पडतात ना, तसं चाललं होतं. घोषणा करण्याआधी तू मला एक फोन केला असतास तर काय होणार ते मी आधीच सांगितलं असतं. पण फोन कशाला करशील? बाप अडाणी, दुकानदार.

आपल्या दुकानाची पद्धत तू विसरली नसशील. तुझ्या आजोबांनी घातलेली. पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्याला त्या दिवशी ती द्यायची नाही. त्याला मागच्या टेबलाशी बसवायचं, तुझ्या आईच्या हातची काळी कॉफी पाजायची आणि तीन गोष्टी विचारायच्या. कशासाठी हवी, घरात कोण कोण आहे, आणि झोप कशी लागते. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. हसू देत. उत्तर देताना माणूस कुठे बघतो एवढंच मला बघायचं असायचं. मग शनिवारी खडीच्या खाणीवर बोलावून माझ्यासमोर दहा गोळ्या झाडायला लावायच्या, आणि पटलं तरच पुढची बोलणी. असे किती जण मी परत पाठवले ते आठवत नाही, पण त्यातले दोघं अजून दर ख्रिसमसला तुझ्या आईसाठी हकलबेरीचा जॅम घेऊन येतात. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तुझं विधेयक मी वाचलंय. सतराच्या सतरा पानं, चष्मा बदलून बदलून. तू आपलं टेबलच कायद्यात घातलंयस, पोरी. फक्त माणूस काढून तिथे फॉर्म ठेवलायस. तुझा पोलीस बोटांचे ठसे घेईल, फोटो घेईल, फी घेईल, पण झोप लागते का म्हणून विचारणार नाही. हे मी मंगळवारी बोलणारच आहे, आणि तू वर मंचावर आमदारांच्या रांगेत बसून ऐकून घेणार आहेस. पण जानेवारीत त्या टेबलावर काडतुसांची खोकी छताला टेकली होती, हेही खरं. बसायला जागा नव्हती आणि विचारायला मला वेळ नव्हता. तीन महिने मी एकालाही काही विचारलं नाही.

आता तुझ्या लोवेल सरांबद्दल. तुझे बँडचे सर. तो माणूस मला कधीच फारसा आवडला नाही, आणि त्याचं कारण तू होतीस. तुझे क्लॅरिनेटचे कार्यक्रम नेमके शिकारीच्या मोसमात यायचे आणि मी दुकानात अडकलेला असायचो. राज्यस्पर्धेला बर्फातून घाट ओलांडून तुला घेऊन गेला तो लोवेल. पहिली निवडणूक जिंकल्यावर तू आधी फोन केलास तो लोवेलला, मग आम्हाला. तुझ्या आईला वाटतं मला हे ठाऊक नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी ते मनात धरून बसलो होतो. त्याची बायको ॲडा गेल्यावर तो रोज दुपारी पोस्टात जायचा, टपाल असो वा नसो, आणि जाताना माझ्या काचेबाहेरून हात करायचा. मीही हात करायचो. दोन वर्षांत एकदाही त्याला आत बोलावलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो त्या रांगेत उभा होता. टाय लावून. पंचाहत्तरीचा माणूस, ज्यानं जन्मात ससासुद्धा मारला नाही. गल्ल्यापाशी आला, भिंतीवरचा तुझा फोटो बघितला आणि म्हणाला, "छान आलाय हं पोरीचा फोटो." मी म्हटलं, "लोवेल, तू इकडे कुठे वाट चुकलास?" तर म्हणतो, "अरे, तुझी मुलगी आता सगळ्यांना वर्गात बसवणार. जन्मभर मी दुसऱ्यांना बसवलं, या वयात मी कुणाच्या वर्गात बसू? त्यापेक्षा आत्ताच घेऊन टाकतो." रांगेतले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, कारण टोमणा तुला होता. कुठली हवी विचारलं तर म्हणाला, "तुला बरी वाटेल ती दे." एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला दंडाला धरून मागे नेऊन बसवलं असतं. त्याच्या मागे अकरा माणसं उभी होती. मी फॉर्म पुढे सरकवला.

गिऱ्हाइकाच्या नावावर काही गुन्हा आहे का, या तपासणीचं उत्तर एरवी राज्य पोलिसांकडून काही मिनिटांत येतं. तेव्हा राज्यभरचे हजारो अर्ज तुंबले होते, त्यामुळे त्याचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस ते रिव्हॉल्व्हर माझ्या तिजोरीत होतं. त्या नऊ दिवसांत तो रोज काचेबाहेरून गेला, रोज हात केला. एकदा थांबून खुणेनं विचारलंही, आलं का म्हणून. मी आतूनच मान हलवून नाही म्हटलं. मग उत्तर आलं, अगदी स्वच्छ. वेगात गाडी चालवल्याचा दंडसुद्धा त्याच्या नावावर नव्हता. मीच फोन करून त्याला बोलावून घेतलं. खोकं काखेत धरून तो निघाला, दारापाशी थांबला आणि म्हणाला, "ऑरिन, तू नव्या गिऱ्हाइकाला कॉफी पाजतोस ना रे?" मी म्हटलं, "गर्दी बघतोयस ना, लोवेल? नंतर ये कधीतरी." त्यानं मान डोलावली आणि तो गेला. पुढच्या बारा दिवसांत तो आला नाही, आणि मीही गेलो नाही.

पुढचं वाचून तू म्हणशील, कायदा असता तर हे झालं नसतं. मला ते मान्य नाही. तुझ्या पोलिसानंही त्याला परवाना देऊन टाकला असता, सभ्य माणूस, सगळे कागद ठीक. पण त्याला वर्गात बसावं लागलं असतं, आणि बसला असता तर शेजारच्या खुर्चीवरच्या कुणाला तरी काहीतरी दिसलं असतं का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या विधेयकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे, पुढच्या एक जानेवारीपासून लागू. दार बंद होणार म्हणून तू सगळ्या राज्याला दवंडी पिटलीस आणि वर्षभर ते सताड उघडं ठेवलंस. ती ओळ कुणी घातली? वकिलांनी? तू दुकानात वाढलेली पोर, तुला कळू नये? मंगळवारी मी हेच सांगणार आहे की करायचा असेल तर सही होईल त्या दिवसापासून कायदा करा, नाहीतर त्याचं नावही काढू नका. संघटनेच्या माणसाला हे बोललो नाही. तो समजतोय मी हक्कांवर भाषण ठोकणार. ऐकल्यावर तोही माझ्याशी बोलायचा बंद होईल, आणि मग माझ्याशी न बोलणाऱ्यांत तुला सोबत मिळेल.

लोवेल झोपेत गेला असं त्याच्या बहिणीनं सगळ्यांना सांगितलं, आणि चर्चमध्ये त्याच्याबद्दल बोलताना तूही तेच म्हणालीस, सरांचं हृदय झोपेतच शांतपणे थांबलं म्हणून. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होतो. दफनाच्या दोन दिवस आधी शेरीफ त्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक घेऊन दुकानात येऊन गेला होता. लोवेल झोपेत गेला नाही, डेलिया. त्यानं स्वतःच स्वतःला संपवलं, भर दुपारी, घर आवरून, भांडी घासून ठेवून, आणि माझ्याकडून नेलेल्या बंदुकीनं. शेरीफ, त्याची बहीण, मी आणि तुझी आई एवढ्यांनाच हे माहीत आहे. तू दफनानंतर घरी न येता थेट गाडीत बसलीस तेव्हा मी सांगू शकलो असतो, सांगितलं नाही. तुझ्या आईलाही मीच शपथ घातली होती. मंगळवारी मला तीन मिनिटं मिळतील आणि त्यात मी त्याचं नाव घेणार आहे. बहिणीला विचारलंय, ती म्हणाली, 'सांग बाबा, मला आता खोटं बोलवत नाही.' तू तेव्हा वर बसलेली असशील, समोर कॅमेरे असतील. तुझ्यावर माझा कितीही राग असला तरी हे तुला तिथे, सगळ्यांदेखत पहिल्यांदा कळावं एवढा काही मी नीच नाही, म्हणून हे पत्र. आधी घरी रडून घे. मग माझ्यावर काय चिडायचं ते चिड, ते मला चालेल. त्याला घाई तू लावलीस आणि बंदूक मी दिली. तीन मिनिटांत मी आपल्या दोघांचीही नावं घेणार आहे. कुणाचं आधी घ्यायचं, तेवढंच अजून ठरत नाही.

तुझाच,
बाबा