गोमाजीच्या घराचं तोंड

करडीजवळचा टोला,
५ ऑक्टोबर २०२५

आणि नाही जी मोठे बाबा, "मातीच्या घराले कायचा इतिहास" असं नसते. परवा फोनवर तुम्ही हासून टाकलं, अन् मी बाबाचं नाव घेतल्याबरोबर फोनच ठेवला. म्हणून पत्र. हे मधातच बंद करू नका. नमस्कार राहिलाच: तुमाले नमस्कार, मोठ्याईच्या पाया पडते. माझं सारं शिक्षण इंग्लिश मिडीयमचं, तवा शुद्धलेखन पाहू नका.

इकडे धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या, तलाव गच्च भरला. आईचे गुडघे जसेच्या तसे. बाबा बरे आहेत. म्हणजे, आता बरे आहेत.

तर प्रोजेक्ट. आर्किटेक्चरच्या बाकी पोरींनी नागपूरचे बंगले घेतले, मी आपलं घर घेतलं. आपल्या टोल्याच्या वस्तीतलं सगळ्यात पहिलं. गोमाजी आजोबा वैनगंगेपलीकडून आले तेव्हा इथं नुसतं जंगल होतं म्हणतात. त्यायनं आधी तलाव खोदला, अन् निघालेल्या मातीत धानाचं तणीस तुडवून भिंती घातल्या. म्हणजे तलाव अन् घर एकाच खड्ड्यातून निघाले! मले तर लिहितानाच अंगावर काटा येते.

स्केचमधी मी रस्त्याकडच्या बाजूले 'पुढचा भाग' लिहिलं अन् तलावाकडच्या, तुमच्या बाजूले 'मागचा भाग'. घरात सगळे तसंच म्हणतात. वाटणीची गोष्ट आईनं सांगतली होती. आपल्याकडचा रिवाज, मोठ्यानं वाटे पाडायचे, लहान्यानं आधी उचलायचा. तुम्ही वाटे पाडले, बाबानं रस्त्याकडचा उचलला. "लहान्यानं मले घराच्या पाठीमागं टाकलं" म्हणून तुम्ही कुलूप लावून भिलाईले गेले, ते गेलेच.

पण मोजायले टेप लावला तर काही जमेचना. बाबाच्या बैठकीतले मयाल, वरची मोठी लाकडं, पेंटखाली काळेकुट्ट. धुरानं! अन् जोतं तुमच्या बाजूचं उंच. कोणाच्या घराचं पुढचं जोतं मागच्यापेक्षा ठेंगणं असते? बाबाले विचारलं तर म्हणे, "तू घराचं चित्र काढून राहिली का पोस्टमार्टम करून राहिली वो?"

आता खरं सांगते. बाबा म्हणले होते, दादाले सांगू नोको. मागच्या आठवड्यात तुमची तलावाकडची भिंत पडली. बाबा तिथंच होते.

घाबरू नका. पायाचं हाड चिरलं, प्लास्टर आहे. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणतात, दिवाळीत चालतील. मी मात्र अँब्युलन्समधी इतकी रडली का बाबाच मले समजावून राहिले होते.

ते तिथं काहून गेले होते? लिपायले. पाऊस गेला का दरवर्षी तुमची भिंत ते बाहेरून लिपतात, तलावाच्या मातीनं. मले वाटत होतं मजूर लावतात. दवाखान्यात मी चिडून म्हणलं, "कुलूप त्यायचं, मंग तुम्ही काहून मरता?"

तर म्हणे, "कुलूप दादाचं हाये. पान्याले का मालूम, कोनाचा वाटा कोनता?"

अन् मोठे बाबा, पडली ती भिंत नव्हतीच! बुजवलेलं दार होतं. मातीमागून सागवानी चौकट निघाली. उंबरठा मधात झिजलेला, दोन्हीकडे दिव्याच्या काळ्या पडलेल्या देवळ्या. अख्खी भिंत आली असती तर छप्पर बाबाच्या अंगावर आलं असतं. त्या चौकटीनं वरचा मयाल धरून ठेवला. मी आता रोज जाऊन तिले हात लावून येते.

गोमाजी आजोबानं घर तलावाकडे तोंड करून बांधलं होतं जी. ज्यानं पाणी अडवलं तो पाण्यावरच नजर ठेवणार ना. रस्ता नंतर झाला, मंग कोणं तरी हे दार बुजवून तिकडं दार पाडलं असेल. तुमाले मागचं नाही भेटलं. तुमाले पुढचं भेटलं! बाबाच इतके वर्षं रांधणखोलीत बैठक घालून बसले.

आई तर हासून हासून खाली बसली. "म्हंजे सरपंच आला का मी त्याले चुलीवर बसवत होती का वो!"

बाबा नाही हासले. प्लास्टरचा पाय हातानं सरळ केला. मंग म्हणले, "म्हंजे दादा उगाच रुसला. अन् मी उगाच उचलला." त्याच्यानंतर हासले. किती दिवसांनी हासले म्हणून सांगू!

नवीन स्केच सोबत आहे. त्याच्यावर 'पुढचा भाग' कुठं लिहिलं ते पाहजा.

सध्या त्या दाराले ताडपत्री बांधली आहे. हिरालाल सुतार म्हणते, दिवाळीच्या आत काय ते करा, पुन्हा बुजवा नाही त कवाड बसवा. बाबा म्हणतात, वाटा दादाचा, मी कोन सांगनारा. ते तुमाले फोन करणार नाहीत, केला तर तुम्ही उचलणार नाही. म्हणून मीच विचारते. बुजवू का कवाड बसवू? तुमाले काय वाटते जी?

तुमच्या पायरीवर बसून लिहिणारी,
हर्षा